मांसल कोंबडीचे स्नायू आणि जनुकांचे कार्य : एक अभ्यासपाठ

विषयप्रवेश

आपल्या निवासी शाळेतून शिकून गेलेले अनेक विद्यार्थी आज आपापल्या गावी ब्रॉयलर कोंबड्यांची शेड चालवतात. बहुतेकांचा व्यवसाय करार पद्धतीचा आहे. कंपनी एक दिवसाची पिल्ले, खाद्य आणि औषधे पुरवते. शेड, वीज, पाणी, भाताचे तूस आणि रात्रंदिवसाची मेहनत शेतकऱ्याची असते. जेमतेम ४० ग्रॅम वजनाचे आलेले पिल्लू ३५ ते ४२ दिवसांत दोन ते अडीच किलोचे होऊन गाडीत चढते. शेजारच्या अंगणात फिरणारी गावरान कोंबडी मात्र सहा महिन्यांनंतरही दीड किलोच्या आसपासच असते.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात या फरकाचे कारण विचारले, की दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. कोणी म्हणतो, "तिला इंजेक्शन देतात." कोणी म्हणतो, "सर, तिची जातच तशी आहे." पहिले उत्तर चुकीचे आहे. दुसरे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते अधिक तपासून पाहण्याजोगे आहे. मराठीत आपण 'जात' हा एकच शब्द कोंबडीला, आंब्याला, बैलाला आणि माणसालाही लावतो. आमचा विषय इतिहास आहे, जीवशास्त्र नव्हे. परंतु या एका शब्दाने आपल्या समाजाच्या इतिहासात जे घडवले ते ज्याला ठाऊक आहे, त्याने या शब्दामागचे विज्ञानही समजून घेतले पाहिजे, असे आम्हांस वाटते. त्याच हेतूने हा पाठ लिहिला आहे.

कोंबडीच्या तुऱ्यापासून सुरुवात

आनुवंशिकतेच्या अभ्यासात कोंबडीला मोठा मान आहे. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याच्या झाडांवरून मांडलेले नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे दाखवणाऱ्या अगदी पहिल्या प्रयोगांत विल्यम बेटसन या इंग्रज शास्त्रज्ञाचे कोंबड्यांवरील प्रयोग मोडतात. ते १९०२ साली प्रसिद्ध झाले. आनुवंशिकतेच्या शास्त्राला 'जेनेटिक्स' हे नाव सुचवणारेही हेच बेटसन. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे; पाठाच्या शेवटी ते पुन्हा येणार आहे.

बेटसन यांनी कोंबडीचा तुरा अभ्यासाला घेतला. काही कोंबड्यांचा तुरा करवतीच्या पात्यासारखा एकेरी असतो, काहींचा रुंद, खडबडीत आणि मागे निमुळता होत जाणारा असतो, तर काहींचा बुटक्या तीन रांगांचा असतो. यांपैकी दुसऱ्याला गुलाब-तुरा आणि तिसऱ्याला वाटाणा-तुरा म्हणतात. गुलाब-तुऱ्याच्या आणि वाटाणा-तुऱ्याच्या कोंबड्यांचा संकर केला असता पिल्लांना या दोहोंपैकी एकही तुरा न येता अक्रोडाच्या गरासारखा तिसराच तुरा आला. बेटसन आणि त्यांचे सहकारी रेजिनाल्ड पनेट यांनी यावरून निष्कर्ष काढला, की डोळ्यांना एक दिसणारा गुण एकाहून अधिक घटकांच्या परस्परक्रियेतून घडू शकतो.

हे घटक प्रत्यक्षात काय करतात, हे कळायला पुढे शंभर वर्षे लागली. वाटाणा-तुऱ्यामागचे जनुक २००९ मध्ये आणि गुलाब-तुऱ्यामागचे २०१२ मध्ये ओळखण्यात आले. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट आढळली. त्या जनुकांपासून बनणारे प्रथिन बदललेले नव्हते. जनुकाच्या आसपासची रचना बदलल्यामुळे, एरवी ज्या जागी ते गप्प बसले असते त्या जागी, म्हणजे वाढत्या गर्भाच्या तुऱ्याच्या जागी, ते कार्य करू लागले होते. झाबुआच्या कडकनाथ कोंबडीचे मांस आणि हाडांवरील आवरणही काळे असते, त्यामागचे कारण याच प्रकारचे आहे. रंगद्रव्याच्या पेशी वाढवणाऱ्या एका जनुकाची तिच्यात दुबार नक्कल झालेली असते, त्यामुळे त्याचे कार्य प्रमाणाबाहेर चालते आणि काळा रंग कातडीपुरता न राहता आतपर्यंत पसरतो.

जनुक असणे आणि जनुकाने कार्य करणे

येथे एक मूलभूत भेद समजून घेतला पाहिजे. कोंबडीच्या पेशीत ७८ गुणसूत्रे असतात. तिच्या रानटी पूर्वजाचा, म्हणजे तांबड्या रानकोंबडीचा, संपूर्ण जनुकीय आराखडा २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १०० कोटी अक्षरजोड्या आणि वीस हजारांच्या घरात जनुके आहेत. हा सगळा आराखडा कोंबडीच्या यकृताच्या पेशीत असतो, मेंदूच्या पेशीत असतो आणि छातीच्या स्नायूतही असतो. तरीही यकृत हे यकृतच राहते आणि स्नायू हा स्नायूच.

आपल्या वसतिगृहाचे उदाहरण घेऊ. समजा, प्रत्येक खोलीत सर्व विषयांची सर्व पुस्तके ठेवलेली आहेत. कोणत्या खोलीत कोणता अभ्यास चालला आहे, हे कपाटातील पुस्तके मोजून कळणार नाही. कोणते पुस्तक उघडले आहे, किती वेळ उघडे आहे आणि त्यातून किती उतरवून घेतले जात आहे, हे पाहावे लागेल. पेशीतही असेच असते. जनुक उघडले जाते तेव्हा त्याची नक्कल संदेशवाहक आरएनएच्या रूपाने उतरवली जाते आणि त्या संदेशानुसार प्रथिन तयार होते. स्नायूचा लहानसा तुकडा घेऊन त्यातील संदेशवाहक आरएनए मोजले, की त्या घटकेला कोणते जनुक किती जोमाने कार्य करीत आहे हे कळते. ब्रॉयलर आणि अंड्यांवरच्या कोंबड्या यांच्या स्नायूंची तुलना शास्त्रज्ञ याच पद्धतीने करतात.

अंड्यातील २१ दिवस

स्नायू घडण्यास अंड्यातच आरंभ होतो. गर्भाच्या पाठीच्या दोन्ही अंगांना पेशींचे लहान लहान पुंजके असतात. त्यांतील काही पेशींमध्ये मायोडी आणि मायएफ५ ही जनुके कार्य करू लागली, की त्या पेशींची वाट ठरते. त्या आता स्नायूच्याच होणार. या पेशी आधी भराभर विभागून आपली संख्या वाढवतात. नंतर मायोजेनिन या जनुकाचे कार्य सुरू झाले, की विभाजन थांबते, पेशी एकमेकींत मिसळतात आणि अनेक केंद्रके असलेला एक लांब स्नायुतंतू तयार होतो.

या क्रमात वेळेला फार महत्त्व आहे. पेशी विभागण्याचा काळ लांबला तर तंतूंसाठी कच्चा माल अधिक जमतो. मिसळण्याची आज्ञा लवकर आली तर तंतू कमी राहतात. पिल्लू अंड्यातून बाहेर येते त्या सुमारास स्नायुतंतूंची संख्या जवळजवळ निश्चित झालेली असते. वेगाने वाढणाऱ्या वाणांत ही संख्या मुळातच अधिक असते. याचा अर्थ असा, की शेडमध्ये जे पिल्लू येते, त्याच्या छातीचा पाया उबवणी केंद्रातच घातला गेलेला असतो.

पिल्लाचे पहिले दिवस आणि भूक

तंतूंची संख्या पुढे वाढत नसेल, तर सहा आठवड्यांत एवढे मांस येते कोठून? तंतू जाड आणि लांब होतात, हे त्याचे उत्तर. तंतूला जाड होण्यासाठी प्रथिने लागतात आणि एवढी प्रथिने बनवायला त्याची स्वतःची केंद्रके अपुरी पडतात. ही उणीव उपग्रह पेशी भरून काढतात. तंतूच्या कडेला चिकटून बसलेल्या या पेशी प्रथम १९६१ साली बेडकाच्या स्नायूत दिसल्या. त्यांच्यात पॅक्स७ हे जनुक कार्यरत असते. गरज पडली की त्या विभागतात, तंतूत विलीन होतात आणि आपले केंद्रक त्याला देऊन टाकतात.

कोंबडीच्या पिल्लात या पेशींची धामधूम जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक असते. नेमक्या याच दिवसांत पिल्लू प्रवासात असते. उबवणी यंत्रात काही पिल्ले आधी बाहेर येतात, काही उशिरा. मग त्यांची निवड, लसीकरण, खोक्यांत भरणे, गाडी आणि शेड. यात २४ ते ४८ तास, कधी त्याहूनही अधिक काळ दाण्यावाचून जातो. पोटातील पिवळ्या बलकावर पिल्लू तग धरते. परंतु इस्रायलमधील संशोधकांनी २००० साली दाखवून दिले, की या आरंभीच्या उपासमारीने उपग्रह पेशींचे विभाजन मंदावते. पुढे पोटभर खाद्य मिळूनही अशा पिल्लांच्या छातीचा स्नायू मागे राहतो. जनुके तीच, वाण तेच, नंतरचे खाद्यही तेच. फरक पहिल्या दोन-तीन दिवसांच्या भुकेचा.

या ठिकाणी आम्ही शिक्षक म्हणून थोडे थांबतो. कोंबडीवरचा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावणे शास्त्रीय नव्हे. मात्र ज्या वस्तीतील मुलाला पोटभर जेवण मिळत नाही त्या मुलाची उंची, वजन आणि अभ्यासातील लक्ष पाहून "यांच्यात तेवढेच असते" असे म्हणणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. एखाद्यात काय आहे, हे त्याच्या आरंभीच्या ताटात काय होते हे विचारल्यावाचून सांगता येत नाही. आपल्या शाळेत पहिल्या दिवशी वही-पुस्तकाच्या आधी मुलाला जेवायला वाढतात, त्यात हेही एक शहाणपण आहे.

घडणीची आज्ञा आणि मोडणीची आज्ञा

स्नायू हा दगडी बांधकामासारखा स्थिर नसतो. त्यात प्रथिने रोज घडतात आणि रोज मोडतात. घडण मोडणीपेक्षा अधिक असली की स्नायू वाढतो. उलट झाले की झिजतो. या दोन्ही बाजूंना जनुकांचे कार्य असते.

घडणीच्या बाजूला इन्शुलिनसदृश वाढघटक-१ हे प्रथिन महत्त्वाचे आहे. ते यकृतात तयार होते तसे खुद्द स्नायूतही होते. त्याचा निरोप पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचला, की आत निरोप्यांची एक साखळी जागी होते. तिच्या शेवटी एमटॉर नावाचे प्रथिन आहे. एमटॉरला जणू दोन प्रश्न विचारायचे असतात : वाढीचा निरोप आला आहे काय, आणि प्रथिने बनवायला लागणारी अमिनो आम्ले हजर आहेत काय? दोन्हींची उत्तरे होकारार्थी असली तरच काम पूर्ण वेगाने सुरू होते. मका आणि सोयापेंड यांच्या खाद्यात मेथिओनिन व लायसिन ही अमिनो आम्ले मुद्दाम घालतात, त्याचे कारण हेच. उत्तम वाणाच्या पक्ष्याला निकृष्ट खाद्य दिले तर त्याची जनुके त्याला वाढवू शकत नाहीत.

मोडणीच्या बाजूला अॅट्रोजिन-१ आणि मर्फ-१ ही जनुके आहेत. पक्षी उपाशी राहिला की त्यांचे कार्य वाढते आणि स्नायूतील प्रथिने मोडून शरीराला पुरवली जातात. खाद्य मिळाले की हे कार्य पुन्हा मंदावते. ब्रॉयलरच्या स्नायूत घडणीचा वेग तर मोठा असतोच, पण मोडण कमी होत असल्याचाही लाभ त्याला मिळतो. संसारात जशी केवळ मिळकत पाहून शिल्लक कळत नाही, खर्चही पाहावा लागतो, तसेच हे आहे.

या सर्वांवर मायोस्टॅटिनचा लगाम असतो. हे प्रथिन स्नायूला 'आता पुरे' असे सांगते. १९९७ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांतील हे जनुक निकामी केले, तेव्हा त्यांचे स्नायू नेहमीच्या दुपटी-तिपटीने वाढले. बेल्जियन ब्लू या युरोपीय गुरांच्या थोराड स्नायूंमागे याच जनुकातील बिघाड आहे, हेही त्याच वर्षी कळले. यावरून ब्रॉयलरमध्येही मायोस्टॅटिन नष्ट झाले असावे, असा तर्क सहज होतो. तो बरोबर नाही. ब्रॉयलरचे मायोस्टॅटिन शाबूत आहे. तिची वाढ कोणत्याही एका जनुकाची करामत नाही. शेकडो जनुकांच्या कार्यात पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या लहान-लहान फरकांची ती बेरीज आहे.

ही कोंबडी कोणी घडवली?

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे इतिहासाकडे, वळू. अमेरिकेच्या डेलावेअर राज्यातील ओशन व्ह्यू गावी सेसिल स्टील नावाची एक गृहिणी अंड्यांसाठी कोंबड्या पाळीत असे. १९२३ साली तिने ५० पिल्ले मागवली. चुकीने ५०० आली. तिने ती परत न पाठवता वाढवली आणि मांसासाठी विकली. त्यात चांगला नफा झाला, शेजाऱ्यांनी अनुकरण केले आणि तो सारा भाग मांसल कोंबड्यांचा प्रदेश बनला. तोवर कोंबडी ही मुख्यतः अंड्यांसाठी पाळली जाई. म्हातारी झाली की तिचे मांस खात.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे 'उद्याची कोंबडी' या नावाची स्पर्धा भरवण्यात आली. तिची राष्ट्रीय अंतिम फेरी १९४८ साली डेलावेअरमध्येच झाली. भरदार छातीचा, लवकर वाढणारा पक्षी कोण घडवतो, हे त्यात पाहिले गेले. कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांचा जो पक्षी विजयी ठरला, तो कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर या दोन वाणांचा संकर होता. पुढील दशकांत पैदास करणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक पिढीतील पक्ष्यांचे वजन, छाती, पाय आणि खाद्याचा हिशेब मोजून मोजून निवड केली.

या निवडीचा परिणाम कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने मोजला. १९५७ आणि १९७८ सालचे जे वाण कोणतीही पुढील निवड न करता जपून ठेवले होते, त्यांची आणि २००५ सालच्या व्यापारी वाणाची पिल्ले एकाच वेळी, एकाच खाद्यावर वाढवण्यात आली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ५६व्या दिवशी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम भरली. खाद्य सारखेच होते. म्हणजे हा फरक इंजेक्शनाचा नाही, खाद्याचाही नाही, निवडीचा आहे.

इंजेक्शनाचा समज मात्र अगदी निराधारही जन्मलेला नाही. अमेरिकेत एके काळी कोंबड्यांना कृत्रिम स्त्री-संप्रेरक देत असत; कोंबड्यांमधील तो वापर १९५९ साली बंद करण्यात आला. वाढीचे संप्रेरक हे स्वतःच एक प्रथिन आहे. ते खाद्यातून दिले तर पोटात पचून जाईल, आणि टोचले तरी निरोगी पिल्लाची वाढ त्याने फारशी वाढत नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये तसे करणे परवडणारेही नाही. खरी काळजी प्रतिजैविकांच्या अनावश्यक वापराची करावी. भारत सरकारने २०१९ साली कोलिस्टिन या प्रतिजैविकाला अन्नासाठीच्या जनावरांत बंदी घातली, ती याच कारणाने.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. शेडमधला ब्रॉयलर हा कोणत्याही 'शुद्ध' वाणाचा पक्षी नसतो. सामान्यतः चार वेगवेगळ्या कुळींचा टप्प्याटप्प्याने संकर करून तो तयार होतो, कारण संकरातून जोम येतो. ज्या उद्योगाचा सारा नफा आनुवंशिकतेवर उभा आहे, त्या उद्योगानेही शेवटी संकराचाच मार्ग धरला आहे.

वाढीची किंमत

एकाच गुणासाठी इतकी कठोर निवड झाली, तर बाकीच्या शरीराचे काय होते? कोंबडीच्या छातीचा स्नायू मुळात उडण्यासाठी आहे. त्याचे तंतू पांढरे, चपळ आणि थोडा वेळ जोर लावणारे असतात; पायाचे तंतू तांबूस आणि सावकाश पण अधिक वेळ चालणारे असतात. ब्रॉयलरच्या छातीचे तंतू इतके जाड होतात, की रक्तवाहिन्यांचे जाळे त्यांना अपुरे पडते. तंतूच्या गाभ्यापर्यंत प्राणवायू नीट पोहोचत नाही.

२०१४ साली फिनलंडमधील संशोधकांनी ब्रॉयलरच्या छातीतील एका विकाराचे वर्णन केले. अशा पक्ष्याची छाती लाकडासारखी कडक लागते, म्हणून त्याला 'काष्ठवत छाती' म्हणता येईल. पुढच्याच वर्षी डेलावेअर विद्यापीठाने अशा स्नायूंतील जनुकांचे कार्य मोजले. प्राणवायूची टंचाई आणि पेशींवरील ताण यांच्याशी झुंजणारी जनुके तेथे जोमाने कार्य करीत होती. ज्या राज्यात ५०० पिल्लांच्या चुकीतून हा व्यवसाय जन्मला आणि 'उद्याची कोंबडी' निवडली गेली, त्याच राज्यातील प्रयोगशाळेने या कोंबडीच्या स्नायूचा गुदमर मोजला. जनुकांचे कार्य कोंबडीला वाढवत असते, तसे ते तिची तक्रारही नोंदवत असते.

पायांचे विकार आणि पोटात पाणी होणे, हे वेगवान वाढीचे आणखी दोन भोग. त्याहून विचार करायला लावणारी स्थिती आहे ती ब्रॉयलरच्या आई-बापांची. त्यांना भरपूर खाऊ दिले तर त्यांचे शरीर इतके वाढते की ते धड प्रजनन करू शकत नाहीत, जगतही नाहीत. म्हणून वाढीच्या वयात त्यांना त्यांच्या भुकेच्या निम्म्याहूनही कमी खाद्यावर ठेवले जाते. अधिक खाणारी पिल्ले हवीत, म्हणून भुकेलेली आई ठेवायची, असा हा व्यवहार आहे.

मांसाहाराविषयी निवाडा देणे हा या पाठाचा हेतू नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरची चूल याच व्यवसायावर पेटते आणि त्यात कमीपणा नाही. परंतु पंचशीलातील पहिले शील घेणाऱ्याने, आपल्या हाताखालच्या प्राण्याला टाळता येण्याजोगे दुःख होत नाही ना, एवढे तरी पाहिले पाहिजे. शेडमध्ये पक्ष्यांची दाटी कमी ठेवणे, तूस कोरडे राखणे, पिल्लू उतरताच पाणी आणि दाणा तयार असणे, उन्हाळ्यात हवा खेळती ठेवणे ही करुणेची कामे आहेत. आणि ती हिशेबातही तोट्याची नाहीत.

'जात' या शब्दाकडे पुन्हा

प्रारंभीच्या उत्तराकडे आता परत येऊ. "जातच तशी आहे" हे कोंबडीपुरते कितपत खरे? वाणावाणांत फरक आहेत आणि ते आनुवंशिक आहेत, हे खरे. पण ते जनुकांच्या कार्याचे फरक आहेत. ते कार्य वेळ, जागा, खाद्य, उष्णता आणि इतर जनुके यांवर अवलंबून असते. तथागतांनी शिकवले की प्रत्येक गोष्ट कारणे आणि प्रत्यय यांमुळे उत्पन्न होते. ती स्वयंभू नसते. त्यांनी जनुकशास्त्र आधीच सांगून ठेवले होते, असा दावा आम्ही करणार नाही. तसे दावे करणे आपल्या मार्गाला शोभत नाही. मात्र प्रतीत्यसमुत्पाद समजलेल्या माणसाला "जनुक म्हणजे नशीब" हे वाक्य पटणे कठीण आहे.

आणि माणसाच्या बाबतीत? सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुण, माणूस श्रेष्ठ ठरतो तो जन्माने की कर्माने, हा वाद घेऊन भगवान बुद्धांकडे जातात. बुद्ध त्यांना गवत, झाडे, कीटक, चतुष्पाद, साप, मासे आणि पक्षी यांची उदाहरणे देतात. यांच्यात जन्मजात भिन्न चिन्हे आहेत, म्हणून त्यांच्या भिन्न जाती मानता येतात. माणसामाणसांत मात्र केस, डोके, डोळे, हात, पाय यांत तसा भेद नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पक्ष्याला लागू पडणारा शब्द माणसाला लागू पडत नाही, हे इतक्या जुन्या काळी इतक्या स्पष्टपणे सांगितले गेले होते.

१९३६ साली बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे भाषण लिहिले. ते प्रत्यक्ष होऊ शकले नाही. वंशशुद्धी आणि उत्तम पैदास या नावाखाली जातीचे समर्थन करणाऱ्यांना त्यात त्यांनी उत्तर दिले आहे. जातिव्यवस्था केवळ बाहेर लग्न करण्यास मनाई करते. जातीच्या आत कोणी कोणाशी लग्न करावे याची निवड ती करीतच नाही, मग ती सुप्रजनन कशी, असा त्यांचा मुद्दा होता. मानवी बुद्धीसारखे उच्च गुण एखाद्या एकाच आनुवंशिक घटकावर ठरत नाहीत, अनेक घटकांच्या योगाने ठरत असावेत, हे दाखवण्यासाठी त्यांनी एका शास्त्रज्ञाचा आधार घेतला. तो शास्त्रज्ञ म्हणजे कोंबडीच्या तुऱ्याचे कोडे सोडवणारे विल्यम बेटसन.

कोंबडीच्या छातीसारखा डोळ्यांना दिसणारा, तराजूत मोजता येणारा गुणही शेकडो जनुकांवर आणि पहिल्या दिवसाच्या दाण्यावर अवलंबून असतो. तेथे माणसाची योग्यता त्याच्या आडनावावरून ठरवणे हे अज्ञान आहे. शिवाय ब्रॉयलर 'श्रेष्ठ' आहे असे आपण म्हणतो, ते कोणाच्या दृष्टीने? खाणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या. मोकळे सोडले तर तिला कुत्र्यापासून पळता येत नाही. गावरान कोंबडी मात्र कौलावर जाऊन बसते. श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणारा माप घेऊन कोण उभा आहे, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने प्रत्येक वेळी विचारला पाहिजे. कोंबडीची पैदास करणारा माणूस तिच्यासाठी हेतू ठरवतो. माणसाचा हेतू दुसऱ्या माणसाने जन्मावरून ठरवू नये, यासाठीच आपल्या पूर्वजांनी संघर्ष केला आणि त्यासाठीच आपली शाळा उभी आहे.

विचारार्थ प्रश्न

१. जनुक असणे आणि जनुकाने कार्य करणे यांतील फरक कोंबडीच्या तुऱ्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. घरी कोंबडी आणली असता छातीच्या आणि पायाच्या मांसाचा रंग पाहा. हा फरक का असतो, हे घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगा.

३. पिल्लाच्या पहिल्या तीन दिवसांतील उपासमारीचा परिणाम नंतरच्या भरपूर खाद्याने का भरून निघत नाही? उपग्रह पेशींच्या आधारे उत्तर द्या.

४. ज्या माजी विद्यार्थ्यांची शेड आहे त्यांनी पुढच्या लॉटची पिल्ले उतरल्यापासून दाणा खाईपर्यंत किती तास जातात, याची नोंद ठेवावी आणि ती पुढील मेळाव्यास घेऊन यावी.